ओढ्यापलीकडं दवंडी

"ओढ्याच्या पुढं काय आहे?" चित्राबाईंनी विचारलं.

शाळेच्या पटांगणात आम्ही वीस-पंचवीस माणसं उकिडवी बसून रांगोळीनं गाव काढत होतो. मारुतीचं देऊळ झालं, पाण्याची टाकी झाली, दूध डेअरी झाली, आमच्या वाड्यासमोरचा पार झाला. कुणीतरी निळ्या रांगोळीनं ओढाही काढला होता, मोठा झोकदार. त्याच्या पुढं नुसती सारवलेली जमीन होती.

"पुढं काय न्हाई," पंचायतीचा एक सदस्य म्हणाला. "पुढं गवळवाडा."

चित्राबाईंनी त्याच्याकडं बघितलं आणि रांगोळीची वाटी त्याच्या हातात दिली. "मग काढा की गवळवाडा." त्यानं वाटी घेतली, थोडा वेळ डोकं खाजवलं आणि विचारलं, घरं किती काढू? आम्ही एकमेकांची तोंडं बघायला लागलो. तिकडं किती घरं आहेत ते आमच्यातल्या एकालाही सांगता येईना, आणि त्यात गावची सरपंच म्हणून मीही होते.

याला आता वीसेक वर्षं होऊन गेली. भोरवड्याची सरपंच झाले त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. झाले म्हणजे काय, जागा बायकांसाठी राखीव निघाली आणि घरात उभी राहण्याजोगी बाई मीच होते. त्याआधी लागोपाठ दोन वेळा आमचे थोरले दीर सरपंच होते. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं, म्हणून मीही म्हणायची. आमचे हे एसटीत कंडक्टर, आठवड्यातून एकदा घरी यायचे आणि तेही झोपायला. मोठ्या जाऊबाई, आमच्या अक्का, सभेचं नाव काढलं तरी त्यांना घाम फुटायचा. राहिले मी.

कारभार अर्थातच तात्यांचा. पण त्यात एक गंमत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या घरात थोरला दीर धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलत नसे. तसा रिवाजच होता. मी लग्न होऊन आल्यापासून तात्या माझ्याशी थेट एक शब्द बोलले नव्हते. जे सांगायचं ते अक्कांना सांगायचे. मी दोन हातांवर उभी असले तरी खांबाकडं बघत म्हणायचे, "तिला सांगा, इथं सही करायची." अक्का माझ्याकडं वळून म्हणायच्या, "इथं सही करायची म्हणतायत." मी सही करायची. गावचा कारभार असा खांबाच्या साक्षीनं चालला होता, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

त्या वर्षी पंचायतीकडं एका मोठ्या कामापुरता निधी होता. तात्यांच्या मनात वेशीवर कमान बांधायची होती, आमच्या सासऱ्यांच्या नावाची. सासऱ्यांनी गावाला शाळा आणली होती, डेअरी आणली होती, त्यामुळं नाव द्यायला हरकत घेणारा कुणी नव्हता. निधी लवकर आला म्हणून त्या वर्षी ठराव एक मेच्याच ग्रामसभेत व्हायचा होता, पण तात्यांना तेवढा दम कुठला. त्यांनी स्वतःच्या खिशातून घडीव दगड आणून आमच्या अंगणात रचले होते. नाव कोरलेली लांबलचक शिळाही येऊन पडली होती, वर ताडपत्री झाकून. येता-जाता ते ताडपत्रीचं टोक उचलून अक्षरं बघायचे. बापावर फार जीव होता त्यांचा.

आणि गवळवाड्याची मागणी होती साकवाची. साकव म्हणजे ओढ्यावरचा लहानसा पायपूल. ही मागणी इतकी जुनी होती की गावाला तिची सवय झाली होती. पावसाळ्यात ओढा चढला की गवळवाडा चार महिने तुटायचा. दूध यायचं नाही, पोरं शाळेत यायची नाहीत. गावाची मोठी कामं ठरायची ती पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत, आणि पंधरा ऑगस्टला ओढा दोन्ही काठ भरून वाहत असायचा. त्यामुळं साकव मागायला जी माणसं यायला हवीत तीच साकव नाही म्हणून यायची नाहीत. उन्हाळ्यातल्या सभेची दवंडीही त्यांच्यापर्यंत पोचत नसे. रावजी कोतवाल हलगी वाजवत मारुतीपासून निघायचा तो ओढ्याच्या काठापर्यंत. तिथं उभं राहून पलीकडं तोंड करून एकदा ओरडायचा आणि मागं फिरायचा. पलीकडं ऐकू जातं, असं तो म्हणायचा. मधे आमराई होती, टेकाड होतं, पण त्याला वाटायचं जातं.

असो. शिबिराचं सांगत होते. पंचायत समितीनं गावकरी आणि गावचे कारभारी अशा दोघांना मिळून तीन दिवसांचं शिबिर दिलं होतं. तोवर आमच्याकडं शिबिर म्हणजे हारतुरे, साहेबांचं भाषण आणि जिलबीचं जेवण. तात्यांनी ते आनंदानं घेतलं, कारण शेवटच्या दिवशी गटविकास अधिकारी येणार होते आणि त्यांच्या कानावर कमानीचं घालता आलं असतं. पण शिकवायला ज्या बाई आल्या, चित्रा नाडगौडा, त्या वेगळ्याच निघाल्या. जिलबीला हात लावला नाही. आल्या आल्या सगळ्यांना जमिनीवर बसवलं आणि हातात रांगोळी दिली.

शेवटच्या दिवशी लुटुपुटीची ग्रामसभा घ्यायची होती. कागदावर तिचं नाव काहीतरी भारी होतं, पण गावानं पहिल्या दिवशीच लुटुपुटीची म्हणायला सुरुवात केली. चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याच्या वाट्याला जे येईल ते त्यानं व्हायचं. साहेबानं गावकरी व्हायचं, गावकऱ्यानं साहेब. फक्त सरपंचानं सरपंचच राहायचं, कारण सभा चालवायचा सराव तिला हवा, असं चित्राबाई म्हणाल्या. बाकी सगळं नियमाप्रमाणं. आधी नोटीस लागली पाहिजे, दवंडी पिटली पाहिजे, आणि दवंडी प्रत्येक वस्तीवर गेली पाहिजे. रांगोळीतल्या त्या मोकळ्या जमिनीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "इथंसुद्धा."

रावजीला ओढा ओलांडायला सांगितल्यावर तो नाराज झाला. आजवर कधी गेलो नाही, कुत्री अंगावर येतील, म्हणाला. पण गेला. आता ही ग्रामसभा लुटुपुटीची आहे हे त्यानं दवंडीत सांगायला हवं होतं. त्याला तसं बजावलंही होतं. पण रावजीची दवंडी ठरलेली. हलगीच्या ठेक्यावर बसवलेले ते शब्द त्याच्या बापाचे होते. त्यात नवीन काही घालायला गेलं की त्याचा ठेका चुकायचा. एकदा-दोनदा प्रयत्न केला, जमेना, म्हणून त्यानं नेहमीचीच दवंडी दिली. ग्रामसभा आहे, झाडून सगळ्यांनी यावं.

त्या दिवशी सभेला बघते तर मंडप भरलेला. गवळवाड्याची माणसं शाळेच्या भिंतीला धरून मागं बसली होती, बायकांसकट. सगळ्यांत पुढं ठकूबाई. ठकूबाई म्हणजे गवळवाड्यातली वयानं मोठी, तूप विकायला कधीमधी गावात यायची, एवढीच माझी ओळख. चित्राबाई तर हरखून गेल्या. त्यांना वाटलं शिबिराला किती प्रतिसाद. मला वाटलं गवळवाड्याला चित्राबाईंनीच बोलावलंय, सभा लुटुपुटीची आहे हे त्या माणसांना माहीत असणारच.

चिठ्ठ्या निघाल्या. गटविकास अधिकारी पंचायतीचे शिपाई झाले, पाणी सोडणारे, आणि बायकांनी त्यांना नळावरून असं धारेवर धरलं की साहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. ग्रामसेवकाला आम्ही भाऊसाहेब म्हणतो, ते तेवढे आपल्याच कामावर राहिले, कारण सभेचं लिहून कोण घेणार. तात्यांची चिठ्ठी चित्राबाईंनी मोठ्यानं वाचली. ओढ्यापलीकडचा रहिवासी.

मंडपात हशा पिकला. तात्याही हसले. आणि मग त्यांच्या अंगात आलं, दुसरा शब्द नाही. तात्या तरुणपणी जत्रेतल्या नाटकांत कामं करायचे. गावात अजून त्यांच्या कामाच्या गोष्टी निघत. लोक म्हणायचे, तात्या स्टेजवर रडले की पहिल्या रांगेतल्या बायका पदर तोंडात धरायच्या. मधे सरपंचकी आली आणि नाटक सुटलं, पण हौस कुठं जाते. ते उठून मंडपाबाहेर गेले. परत आले तेव्हा पायात वहाणा नव्हत्या, खांद्यावर रावजीची घोंगडी होती आणि हातात काठी. पुढं येऊन उभे राहिले नाहीत. मागं, गवळवाड्याच्या माणसांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

मी अध्यक्षांच्या खुर्चीत. चित्राबाईंनी पहिल्या दिवसापासून घोकून घेतलं होतं, बोलणाऱ्यानं अध्यक्षांकडं बघून बोलायचं, नाव घेऊन बोलायचं. तात्यांनी माझ्याकडं बघितलं.

"सरपंचबाई," ते म्हणाले.

माझे कान तापले. बारा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा हाक मारली होती. बायकांत अक्का बसल्या होत्या, त्यांनी चटकन खाली बघितलं. पण तात्यांना त्याचं भान नव्हतं. ते बोलणारे तात्या नव्हतेच.

"सरपंचबाई, मी ओढ्यापल्याडनं आलोय. आज पाणी न्हाई म्हणून आलो. आखाडात बोलावलं असतंसा तर आलो नसतो. आमच्यातल्या एका बाईचा मालक तापानं फणफणला. तिनं त्याला पाठीवर घेऊन काठापर्यंत आणला. फुडं पाणी. पल्याड दवाखान्याचं पत्रं दिसत व्हतं. नर्सबाईचं हिरवं लुगडं दोरीवर वाळत घातल्यालं दिसत व्हतं. त्या लुगड्याकडं बघत ती बाई मालकाचं डोकं मांडीवर घेऊन दिसभर बसली. सांजच्याला नर्सबाई भाईर आली, लुगडं काढलं, घडी घातली आन् आत गेली. तिला तरी काय ठावं, पल्याड कोण बसलंय ते. पाणी उतरलं, तवर मालक गेलं व्हतं."

हसणारे केव्हाच गप्प झाले होते. तात्यांनी घोंगडी सावरली.

"आमाला गावात यायला वाट द्या, सरपंचबाई. मग तुमच्या कमानीखालनं मान खाली घालून येऊ."

शेवटचं वाक्य नाटकातलं होतं, ते मला कळलं. टाळी घेतल्याशिवाय खाली बसायची त्यांना सवय नव्हती. पण ते हिरवं लुगडं कुठून आलं, ते मला कळेना. तात्यांनी हे रचलं असेल तर भलतंच चांगलं रचलं, असं मनात म्हटलं आणि पदरानं डोळे पुसले. रडू आलं होतं हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मग नियमाप्रमाणं मी विचारलं, या वर्षीचा निधी साकवाला द्यावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत. सगळा मंडप वर गेला. पाणी सोडणाऱ्या शिपायानं, म्हणजे साहेबांनीही, हात वर केला. घोंगडीतल्या तात्यांचाही हात वर होता. मागं गवळवाड्याच्या माणसांनी आधी एकमेकांकडं बघितलं, मग एकेक हात बिचकत वर आला. ठकूबाईनं दोन्ही हात वर केले.

चित्राबाई उभ्या राहून सांगायला लागल्या की आता आपण या सरावातून काय शिकलो ते बघू, पण तेवढ्यात जेवणाची पानं मांडल्याचं कुणीतरी ओरडलं आणि मंडप उठला. गवळवाड्याची माणसं जेवायला थांबली नाहीत. धारा काढायची वेळ झाली होती, त्यांना म्हशी गाठायच्या होत्या. ती गेल्याचं आमच्या ध्यानातही आलं नाही. पानावर बसल्यावर साहेब तात्यांना म्हणाले, तुम्ही सिनेमात जायचं सोडून सरपंच कशाला झालात. तात्या खूश. त्याच पंगतीत त्यांनी साहेबांच्या कानावर कमानीचं घातलं. साहेब म्हणाले, एक मेला ठराव करा आणि पाठवा.

म्हणजे बघा, कमान झालीच होती जवळजवळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या ओट्यावर बसून पान लावत होते. मी आत चुलीपाशी होते, अक्का ताक घुसळत होत्या. अंगणात माणसांची चाहूल लागली म्हणून बाहेर डोकावले तर गवळवाड्याची पाच-सहा माणसं. पुढं ठकूबाई, तिच्या हातात तुपाची बरणी, आणि तिच्यामागच्या एका बाप्याच्या हातात कोरा करकरीत गुलाबी फेटा. ती सगळी कमानीच्या दगडांना वळसा घालून ओट्यापाशी आली. तात्यांना वाटलं तूप विकायला आलीत. ते म्हणाले, आत बाया आहेत, तिकडं जा.

"इकायला न्हाई आलो," ठकूबाई म्हणाली. "तुमास्नी फेटा बांधायला आलोय."

तात्या हातातलं पान तसंच धरून राहिले. तो बाप्या पुढं झाला आणि विचारायला लागला, साकवाचं काम कधी धरणार, खडी-वाळू वाहायला आमच्यातली माणसं येतील, मजुरी नको. दुसरा म्हणाला, पावसाच्या आत पाया निघाला तर बरं. ते असं बोलत होते जणू काम ठरलंच आहे, आता नुसता मुहूर्त काढायचा. यांना कुणी सांगितलंच नव्हतं. रावजीची दवंडी ऐकून ती ग्रामसभेला आली होती, गावचा कर्ता माणूस त्यांच्या शेजारी अनवाणी उभा राहून त्यांच्यासाठी बोलला होता, सगळ्या गावानं हात वर केला होता. गटविकास अधिकारी त्यांनी जन्मात बघितले नव्हते, मग ते शिपाई झालेत हे त्यांना कसं कळावं.

तात्या तोंड उघडणार, तेवढ्यात ठकूबाई ओट्याच्या पायरीवर टेकली.

"लई वर्सं झाली, तात्या," ती म्हणाली. "मालक गेलं त्याच्या फुडच्या दिवाळीला मी पंचायतीत आलेवते. तुमी पायरीवर असंच पान लावत बसला व्हता. मी सगळं सांगितलं. दवाखान्याचं पत्रं, नर्सबाईचं लुगडं, सगळं. तुमी मान वर केली न्हाई. बघू म्हणाला. मी वाड्यावर जाऊन सांगितलं, त्या माणसाचं ध्यानच नव्हतं, परत जाऊ नगासा. त्याच्यावर आमच्यातलं कुनी आलं न्हाई. मी तुमास्नी लई बोल लावला, तात्या, इतकी वर्सं. काल कळलं. लुगड्याचा रंगसुदिक इसरला न्हाईसा."

तिनं बरणी ओट्यावर ठेवली आणि तात्यांच्या पायाला हात लावला.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. तात्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मी कधी विसरायची नाही. त्यांनी पान खाली ठेवलं. सुपारी सांडली ती गोळा करायला लागले, एकेक तुकडा वेचून. मग मान वर केली आणि आधी खांबाकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं. त्या नजरेचा अर्थ मला लख्ख कळला. सांग यांना. काल ती नुसती शिकवणी होती, हे तू सांग. सरपंच आहेस ना.

सांगणं काही अवघड नव्हतं. दोन वाक्यांचं काम होतं. ती माणसं बिचारी ऐकून घेऊन निघूनही गेली असती, त्यांना सवय होती. अंगणात ताडपत्रीखाली माझ्या सासऱ्यांचं नाव होतं, त्यांनी मला लेकीसारखं वागवलं होतं. आणि घरात राहायचं होतं मला, तात्यांच्याच.

मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाहेर ओट्यावर आले. तात्या बसलेले असताना मी ओट्यावर कधी येत नसे.

"ठकूमावशी," मी म्हटलं, "काल हात वर झाले, पण ठराव पक्का व्हायचा तो एक मेच्या सभेत. दवंडी येईल. तुमच्या वाड्यापर्यंत येईल. झाडून सगळी या."

"येतो की," ती म्हणाली. तिला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही. मग त्यांनी तात्यांच्या डोक्याला फेटा बांधला. तात्यांनी बांधून घेतला, बोहल्यावरच्या नवऱ्यासारखे गप्प बसून. ती माणसं गेली. अक्का ताकाची रवी तशीच सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. आम्ही तिघंच होतो आता.

तात्यांनी अक्कांकडं बघितलं नाही. खांबाकडंही नाही.

"तुला सांगता आलं असतं," ते मला म्हणाले.

"तुम्हालाही आलं असतं, तात्या."

एवढंच बोलणं झालं. अक्का एकदा त्यांच्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघत राहिल्या, आणि मग कुणाला काय सांगायचं ते न कळून आत गेल्या.

त्यानंतर एक मेपर्यंत तात्या माझ्याशीही बोलले नाहीत आणि खांबाशीही. जेवायचे, शेतावर जायचे, संध्याकाळी अंगणातल्या दगडांवर बसायचे. ताडपत्रीचं टोक उचलायचे नाहीत. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. त्यांनी मनात आणलं असतं तर घराघरांत फिरून एका संध्याकाळीत सगळे हात कमानीकडं वळवले असते. गावावर तेवढं वजन होतं त्यांचं. आमचे हे सुट्टीवर आले तेव्हा अक्कांनी त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी मला विचारलं, काय चालवलंयस हे. मी म्हटलं, शिबिरात शिकवलं ते. त्यावर ते झोपायला गेले.

सभेची वेळ आली तेव्हा मी रावजीला बोलावून सांगितलं, दवंडी ओढ्यापलीकडं न्यायची. रावजी घुटमळला.

"तात्यास्नी इचारलंय का?"

विचारलंय, मी म्हटलं. ते काय म्हणाले ते त्यानं विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही. तो हलगी तापवून निघाला. ओढ्याच्या काठापर्यंत मीही त्याच्याबरोबर गेले, तो मागं फिरू नये म्हणून. तो पलीकडं चढला, आमराईत दिसेनासा झाला, आणि थोड्या वेळानं टेकाडामागून हलगी वाजायला लागली. अगदी बारीक. म्हणजे इकडं वाजलेली तिकडं कधी ऐकू गेलीच नसणार, हे मला तेव्हा काठावर उभं राहून समजलं.

एक मेला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या वऱ्हांड्यात ग्रामसभा बसली. या वेळी मंडप नव्हता, चित्राबाई नव्हत्या, साहेब नव्हते, चिठ्ठ्या नव्हत्या. गवळवाडा मात्र आला होता. मागं भिंतीला धरून, तसाच, पुढं ठकूबाई. तात्या पुढच्या रांगेत, त्यांच्या नेहमीच्या जागी. डोक्याला टोपी.

भाऊसाहेबांनी मागची कामं वाचली आणि मग माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, या वर्षीच्या निधीतून एकच काम होणार आहे. कुठलं करायचं ते सभेनं सांगावं. कुणी सुचवतंय का?

गावातल्या माणसांना सगळं ठाऊक होतं, कमानीचंही आणि फेट्याचंही, आणि सगळे तात्यांच्या पाठीकडं बघत होते. मागं गवळवाडाही तात्यांकडंच बघत होता. पण त्यांच्या बघण्यात जराही शंका नव्हती. आपला माणूस बोलणार म्हणून ती निवांत बसली होती.

तात्या उठले. उठताना गुडघ्यावर हात टेकला. मी टेबलाखाली दोन्ही हात घट्ट धरून बसले होते.

ते वळले नाहीत, हात उडवले नाहीत. जत्रेच्या स्टेजवर ज्यांचा आवाज विनामाईक शेवटच्या गाडीपर्यंत जायचा, त्यांचा आवाज पहिल्या रांगेलाही नीट ऐकू गेला नाही.

"सरपंचबाई," ते माझ्याकडं बघून म्हणाले. टोपी काढली, परत घातली. "साकव पाहिजे. ते... कमानीचं राहू दे. साकव आधी पाहिजे होता. लई आधी."

आणि खाली बसले.

तो साकव आज आहे, दोनदा डागडुजी होऊन. त्याच्या दोन्ही अंगांच्या पायऱ्या आमच्या अंगणातल्या घडीव दगडांच्या आहेत, ते दगड तात्यांनी स्वतः बैलगाडीनं नेऊन टाकले. नावाची शिळा तेवढी अंगणात राहिली. अक्का तिच्यावर उन्हाळ्यात कुरडया घालतात आणि घालण्याआधी सासऱ्यांच्या नावाला हात लावून नमस्कार करतात. तात्या पुढं बरीच वर्षं होते. माझ्याशी थेट बोलायचे, भांडायचेही, पण जत्रेतल्या नाटकात काम करा म्हणून पोरं मागं लागली तरी ते परत कधी उभे राहिले नाहीत.

त्या एक मेला केलं इतकं वाईट भाषण त्यांनी जन्मात केलं नसेल. टाळी एकानंही वाजवली नाही. मी म्हटलं, ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावेत. पुढच्या रांगेत तात्यांचा हात पहिला वर गेला.